क्लोरल हायड्रेट हे झोपेचं जुनं औषध रक्तात काही मिनिटंच टिकतं, मग रात्रभर झोप कशी लागते?

कारण झोप आणतं ते त्याचं रूपांतर. यकृतातलं अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम त्याचं ट्रायक्लोरोइथेनॉल बनवतं. ते मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा परिणाम गाबा-ए रिसेप्टरवर (पेशीवरच्या त्याच्या ग्राहकावर) वाढवतं आणि मेंदूच्या पेशी शांत होतात. त्याचं अर्धायुष्य (रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण 8 ते 12 तास, म्हणून सकाळीही सुस्ती उरते.

गंमत म्हणजे 1869 मध्ये जर्मन औषधशास्त्रज्ञ लीब्राइखने हे औषध वापरात आणलं, ते शरीरात याचं क्लोरोफॉर्म होईल या समजुतीने. समजूत चुकली, झोप मात्र लागली!

दारूसोबत हे घेणं फार धोक्याचं आहे, हे कळकळीने सांगतो. दोन्ही एकमेकांचा परिणाम वाढवतात आणि श्वास मंदावू शकतो. डोस जास्त झाला तर हृदयाचे ठोके अनियमित होतात, कारण हृदयाचे स्नायू ॲड्रेनॅलिनला जास्त संवेदनशील बनतात. बेन्झोडायझेपिन या गटातल्या झोपेच्या गोळ्यांवरचा उतारा, फ्लुमाझेनिल, इथे भरवशाचा नाही.

वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. क्लोरल हायड्रेटचं शरीरात बनणारं दुसरं रूप, ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड, वॉरफरिनला रक्तातल्या प्रथिनांवरून हटवतं, त्यामुळे रक्तस्रावाची शक्यता वाढते.

रोज घेतलं तर काही आठवड्यांतच सवय लागते आणि परिणाम घटतो. मग ते अचानक बंद करू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करा.