वाचकांचे प्रश्न : मेलमधल्या ‘ओके’ची किंमत

प्रश्न : ताई नमस्कार, मी तासगाव तालुक्यातला, घरचा बेदाण्याचा धंदा आहे. आजवर सगळा माल सौद्यातच विकला, पण आता दुबईच्या एका पार्टीचा मेल आलाय, ‘प्लीज क्वोट युवर बेस्ट प्राइस, सीआयएफ जेबेल अली, पेमेंट बाय एलसी अ‍ॅट साइट’. माझं इंग्रजी दहावीपुरतं. सीआयएफ म्हणजे माल तिकडं पोचेपर्यंत जोखीम माझीच ना? आणि हे इंग्रजी शिकायला क्लास लावू का?

उत्तर : दादा, क्लास लावू नका. या मेलमध्ये इंग्रजी असं थोडंच आहे, धंद्याचे आठ-दहा शब्द आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ ठरलेला आहे, जसं आपल्याकडं ‘विसार दिला’ म्हटलं की पुढं काय ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही तसंच.

आता सीआयएफ. यात मालाची किंमत, विमा आणि दुबईच्या जेबेल अली बंदरापर्यंतचं जहाजाचं भाडं असं सगळं तुमच्या दरात धरायचं. पण जोखीम मात्र आपल्या न्हावा शेवा बंदरात माल जहाजावर चढला की खरेदीदाराची. म्हणजे भाडं तुम्ही भरलंय, तरी समुद्रात माल भिजला तर विम्याचा क्लेम त्यानं करायचा. मी एक्स्पोर्टच्या कागदपत्रांचं काम इतकी वर्षं केलं, त्यात सगळ्यात जास्त लोक इथंच अडखळलेले बघितलेत. हे नियम पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे, इन्कोटर्म्स म्हणतात, पहिल्यांदा 1936 ला आले आणि आताची आवृत्ती 2020 ची, एकूण 11 शब्द. म्हणून नुसतं सीआयएफ लिहू नका, ‘सीआयएफ जेबेल अली, इन्कोटर्म्स 2020’ असं पूर्ण लिहा. एफओबी (फ्री ऑन बोर्ड, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचाच खर्च तुमचा) असेल तर पुढं माल चढायचं बंदर येतं, म्हणजे ‘एफओबी न्हावा शेवा’, कुणी ‘एफओबी जेबेल अली’ लिहिलं तर तिथंच थांबून विचारा की भाई तुला नक्की काय म्हणायचंय.

अजून एक, तुमचा माल कंटेनरमधून जाणार. कंटेनर आपण यार्डात सोपवतो, जहाजावर तो नंतर कधीतरी चढतो, आणि सीआयएफमध्ये त्या मधल्या वेळेची जोखीम तुमची राहते. कंटेनरसाठी ‘सीआयपी’ हा शब्द जास्त बरा असं चेंबर स्वतःच सांगतं, भाडं आणि विमा तिथंही तुमच्याच दरात, पण माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम सुटते. पार्टीला विचारून बघा, बरेच जण तयार होतात.

दराचं बोलायचं तर ‘बेस्ट प्राइस’ म्हणाला म्हणून लगेच शेवटचा आकडा टाकू नका, आणि जो टाकाल त्याला तारीख घाला, ‘व्हॅलिड टिल’ अमुक तारीख. तारीख नसली की महिनाभरानं भाव चढल्यावर तोच मेल पुढं करून माल मागतात आणि मग वाद होतो. त्यानं तुमच्या दरावर कमी आकडा कळवला तर त्याला काउंटर ऑफर म्हणतात, म्हणजे तुमची मूळ ऑफर त्यानं नाकारली आणि चेंडू परत तुमच्याकडं आला. अशा वेळी ‘ओके’ किंवा ‘ओके नोटेड’ लिहायची आपल्याला जी सवय आहे ना ती सोडाच. तुम्हाला म्हणायचं असतं ‘वाचलं’, समोरचा समजतो ‘कबूल’. 1872 चा आपला करार कायदा बघा, ऑफर आणि बिनशर्त होकार आला की वचन तयार होतं, त्याला स्टॅम्पपेपर लागतोच असं नाही. सरळ लिहा, ‘वी हॅव रिसीव्ह्ड युवर प्राइस, वी विल कन्फर्म बाय मंडे’. आणि ‘आय विल रिव्हर्ट’ पण नको, आपल्याकडं त्याचा अर्थ उत्तर देतो असा झालाय, बाहेर तो पूर्वीच्या स्थितीला परत जाणं असा आहे, ‘रिप्लाय’ म्हणा.

एलसी अ‍ॅट साइट म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, खरेदीदाराच्या बँकेची पैसे द्यायची लेखी हमी; कागद बरोबर असले की बँक लगेच पैसे देणार, उधारी नाही. चांगली अट आहे, घ्या. पण बँक बेदाणे बघत नाही हो, ती फक्त कागद बघते! एका पार्टीच्या एलसीत मालाचं वर्णन ‘गोल्डन रेझिन्स’ होतं आणि इनव्हॉइसवर ‘ग्रीन रेझिन्स’ पडलं, माल उत्तम होता, तरी बँकेनं डिस्क्रिपन्सी, म्हणजे कागदांतली तफावत, काढली आणि पैसे अडकले, फार वाईट वाटलं होतं तेव्हा. म्हणून एलसी हातात आली की आधी अक्षर न् अक्षर वाचा, चूक असेल तर माल भरायच्या आधी अमेंडमेंट, म्हणजे दुरुस्ती, मागा. एलसीत वेगळी मुदत नसेल तर माल चढल्यापासून 21 दिवसांत कागद द्यावे लागतात, आणि एलसीची एक्स्पायरी त्याआधी असेल तर त्याच्याही आत.

बिलाखाली ‘ई अँड ओ ई’ दिसलं तर घाबरू नका, ते आपलं चू.भू.द्या.घ्या. आहे.

प्रश्न : माझं छोटं शिवणकामाचं युनिट आहे, उद्यम नोंदणी केलीय. एका कंपनीच्या पीओवर (परचेस ऑर्डरवर) ‘नेट 60’ छापलंय. म्हणजे काय, आणि बोलता येतं का?

उत्तर : नेट 60 म्हणजे पूर्ण पैसे 60 दिवसांनी. आणि हो, बोलता येतं. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे तुमच्यासारख्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत, लेखी काही ठरलं नसेल तर 15 दिवसांतच. पीओवर 60 छापलं म्हणून 60 होत नाहीत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढ असं व्याज लागतं. पण ताई, पहिल्याच मेलमध्ये व्याजाची भाषा नको, ‘वी आर अ मायक्रो एंटरप्राइज, प्लीज अमेंड पेमेंट टर्म्स टू 45 डेज’ एवढंच लिहा आणि उद्यम सर्टिफिकेट जोडा. त्यांच्या अकाउंट्सवाल्याला लगेच कळेल, कारण वेळेत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्यांना इन्कम टॅक्समध्ये त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षीच धरता येतो. पुढच्या प्रत्येक बिलावर उद्यम नंबर छापून घ्या.