क्लाउडवॉचला लॉग पाठवतोय, एरर नाही, तरी ताज्या ओळी का दिसत नाहीत?

तुम्ही लिहिलंय ते असं: वागळे इस्टेटमधल्या ऑफिसच्या सर्व्हरवर जावा ॲप आहे, त्याच्या लॉग फाइलमधल्या ओळी डॉकर कंटेनरमधली (सर्व्हरवरच्या वेगळ्या, बंदिस्त डब्यातली) पायथन स्क्रिप्ट क्लाउडवॉचला, म्हणजे ॲमेझॉनच्या लॉग साठवणाऱ्या सेवेला, पाठवते. एरर येत नाही, पण ताजे लॉग तिकडे दिसत नाहीत. स्क्रिप्ट रात्रभर बंद पडली आणि सकाळी सुरू केली, तर रात्रीच्या ओळी मात्र येतात. आणि तीच स्क्रिप्ट तुमच्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालते.

नेटवर्क, परवानग्या, कोटा यांच्या मागे लागू नका. घोळ वेळेचा आहे, तोही बरोब्बर साडेपाच तासांचा.

ॲप फाइलमध्ये भारतीय वेळ लिहितं, पण पुढे +०५:३० लावत नाही. पायथनला अशी उघडी वेळ दिली की तो ती मशीनच्या टाइमझोनमधली समजतो. लॅपटॉपचा टाइमझोन भारतीय, म्हणून तिथे सगळं जुळतं. डॉकर कंटेनर सहसा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर असतो. त्यामुळे दुपारी २ ची ओळ कंटेनर ‘यूटीसी २ वाजता’ म्हणून पाठवतो, म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. आणि २ तासांहून जास्त पुढची वेळ असलेली ओळ क्लाउडवॉच घेत नाही.

रात्रीच्या ओळी का येतात तेही यातच आलं. साडेपाचातून हे २ तास वजा करा, साडेतीन उरतात. साडेतीन तासांहून जुनी ओळ पास, त्याहून ताजी नापास. तुम्ही सकाळी ९ ला स्क्रिप्ट सुरू केली असेल, तर पहाटे साडेपाचपर्यंतच्याच ओळी पोचल्या असतील. फाइल शेजारी उघडून ताडून बघा.

एरर का येत नाही, हा खरा वैताग. पुट-लॉग-इव्हेंट्सची, म्हणजे ओळी पाठवायची विनंती यशस्वी ठरते, २०० (‘सगळं ठीक’चा कोड) मिळतो, आणि नाकारलेल्या ओळींची माहिती उत्तरात ‘रिजेक्टेड-लॉग-इव्हेंट्स-इन्फो’ या भागात येते. तिथे ‘टू-न्यू’वाला (वेळ फार पुढची असल्याचा) आकडा असेल, तर बॅचमधल्या, म्हणजे एकदम पाठवलेल्या गठ्ठ्यातल्या, त्या क्रमांकापासून पुढच्या सगळ्या ओळी गेल्या. बहुतेक स्क्रिप्टा ते उत्तर वाचतच नाहीत. तुमच्या स्क्रिप्टमध्ये आज एवढी एक तपासणी घाला, बाकी काही नाही केलंत तरी चालेल.

दुरुस्ती सोपी आहे. ॲपच्या लॉगबॅक पॅटर्नमध्ये (लॉगची ओळ कशी लिहायची ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) ऑफसेट, म्हणजे ते +०५:३०, छापायला लावा आणि स्क्रिप्टला तो वाचायला लावा. ॲपला हात लावता येत नसेल, तर स्क्रिप्टमध्येच प्रत्येक वेळेपुढे +०५:३० हा ठरलेला ऑफसेट लावा. आपल्याकडे उन्हाळा-हिवाळ्यात घड्याळं बदलत नाहीत, त्यामुळे हे बिनधोक चालतं. कंटेनरचा टाइमझोन बदलूनही भागेल, पण उद्या कोणी इमेज नव्याने बांधली की पुन्हा हेच. आधी पोचलेल्या ओळींची वेळ आता बदलता येणार नाही, त्या शोधताना साडेपाच तास वजा करूनच वाचा.

खरं सांगायचं तर मी ही स्क्रिप्टच काढून टाकेन. फ्लुएंट बिट (लॉग गोळा करून पुढे पाठवणारं तयार सॉफ्टवेअर) किंवा क्लाउडवॉचचा स्वतःचा एजंट बसवा. फ्लुएंट बिटच्या पार्सरमध्ये (ओळ वाचणाऱ्या भागात) ‘टाइम ऑफसेट’ला +०५३० दिलं की झालं. टेल इनपुटला, म्हणजे लॉग फाइल वाचत राहणाऱ्या भागाला, डीबी फाइल द्या, म्हणजे रीस्टार्टनंतर कुठपर्यंत वाचलं होतं ते त्याला आठवतं. जावाचे स्टॅक ट्रेस (एररचा अनेक ओळींचा तपशील) तुटू नयेत म्हणून मल्टिलाइन पार्सरही लावा. आणि बफर, म्हणजे पाठवायच्या राहिलेल्या ओळींचा साठा, मेमरीत नको, डिस्कवर ठेवा. तुर्भ्याच्या एका गोदामातला सर्व्हर आमच्याकडे आहे. पावसाळ्यात रस्ता खोदताना केबल तुटली की तिथलं नेट जातं ते दोन-दोन दिवस येत नाही. डिस्कवर बफर असल्यामुळे लाइन आली की सगळं आपोआप ॲमेझॉनच्या मुंबई रीजनला जातं. फक्त १४ दिवसांहून जुनी ओळही क्लाउडवॉच नाकारतं, तेवढं लक्षात असू द्या.

जाता जाता: क्लाउडवॉचमध्ये लॉग ज्यात साठतात त्या लॉग ग्रुपची मुदत तुम्ही ठरवली नाहीत तर लॉग कायमचे राहतात आणि साठवणुकीचं बिल वाढत जातं. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, आणि क्लाउडवॉचच्या यादीत १८० चा पर्याय आहेच. ओटीपी आणि मोबाइल नंबर मात्र लॉगमध्ये जाण्याआधीच झाका.

स्क्रिप्टच ठेवायची ठरली, तर बॅचमधल्या ओळी वेळेच्या क्रमाने लावा आणि एका बॅचमध्ये २४ तासांहून जास्त अंतराच्या ओळी घालू नका. क्रम चुकला तर अख्खी बॅच परत येते. तिथे निदान एरर तरी दिसते.