गच्चीवरचा काळा पत्रा आणि लेकीचा हट्ट

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. सोसायटीच्या गच्चीवरचा सोलर वॉटर हीटर बदलला, तेव्हा त्यातला काळा पत्रा तिने भंगारवाल्याला नेऊ दिला नाही. उन्हात ठेवून त्यावर टेम्परेचर गन धरली, तर आकडा शेजारच्या भिंतीपेक्षा कमी, आणि बोट लावलं तर चटका! तेव्हापासून ‘मला या कोटिंगचंच शिकायचंय’ म्हणून धोशा लावलाय. कोटिंग म्हणजे शेवटी रंगकामच ना? आम्हाला वाटतं, कॉम्प्युटरला घालावं. – एक पालक, मुलुंड

नमस्कार,

आधी त्या चटक्याबद्दल बोलू. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे.

गन बिघडलेली नव्हती. ती वस्तूतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेच्या किरणांवरून तापमानाचा अंदाज बांधते, आणि हा पत्रा नेमकी तीच किरणं फारशी सोडत नाही. त्यावरचं कोटिंग, म्हणजे लेप, चांगला असेल तर उन्हातले शंभरातले ९०-९५ भाग शोषतो. साधा काळा ऑइलपेंटही जवळपास तेवढंच शोषतो, पण तापला की सढळ हाताने उष्णता बाहेर टाकतो. या लेपाची जादू जाडीत आहे. उन्हाच्या लहरी बहुतेक अडीच मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतल्या, त्या लेपात अडकतात. तापलेल्या पत्र्याच्या लहरी आठ-दहा मायक्रॉनच्या आसपासच्या. इतक्या लांब लहरींना जेमतेम मायक्रॉनभराचा लेप जाणवतच नाही, त्यांच्या लेखी तो खालचा चकचकीत धातूच असतो. आणि चकचकीत धातू उष्णता फारशी सोडत नाही. इस्रायलमध्ये शास्त्रज्ञ हॅरी टेबर यांनी १९५५ च्या सुमारास असे पृष्ठभाग तयार करून दाखवले.

तेव्हा हे रंगकाम नव्हे. आणि रंगकाम असतं तरी मी त्याला कमी लेखलं नसतं.

आता व्यवहाराचं. फक्त सौर लेपांवर काम करणाऱ्या जागा देशात फार नाहीत, हे लपवणार नाही. बेंगळुरूची एनएएल (नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज), हैदराबादची एआरसीआय (पावडर धातू आणि नव्या पदार्थांचं संशोधन केंद्र) अशा संशोधन संस्थांत हे काम झालं आहे. तिथे पोचायला एम.एस्सी. किंवा एम.टेक., पुढे बहुधा पीएच.डी. लागते. म्हणून नावात ‘सोलर’ आहे एवढ्यावर कोर्स निवडू नका. पाया पृष्ठभागाच्या शास्त्राचा असू द्या. माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), म्हणजे आपल्या जुन्या यूडीसीटीत, सरफेस कोटिंग टेक्नॉलॉजीचं बी.टेक. आहे, त्यासाठी सीईटी मन लावून द्यावी. जेईई अ‍ॅडव्हान्स्डची तयारी असेल तर पवईच्या आयआयटीत मेटलर्जी आणि मटेरियल्स सायन्स. दोन्ही हुकलं तर फिजिक्स किंवा केमिस्ट्रीचं बी.एस्सी.; तो रस्ता लांबचा, पण पक्का.

शिकलेलं वाया जात नाही. बीकेसीतल्या काचेच्या इमारती पाहता ना? तशा काचांवर उष्णता अडवणारे धातूचे सूक्ष्म थर निर्वात यंत्रात चढवतात, आणि सौर नळ्यांवरचा काळा लेपही त्याच तंत्राने. चष्म्यांपासून गाड्यांपर्यंत लेप सगळीकडे आहेत.

कॉम्प्युटर वाईट नाही. पण गनचा आकडा खोटा वाटला म्हणून बोट लावून पाहणारी मुलं माझ्याकडे क्वचित येतात. तिचं हे कुतूहल मोडू नका, ही कळकळीची विनंती.

रविवारी गच्चीवर तिच्यासोबत जा. पत्र्याच्या कोपऱ्यात काळ्या इन्सुलेशन टेपचा बोटभर तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा. मग गन जवळ नेऊन आधी टेपवर धरा, नंतर शेजारच्या लेपावर, आणि दोन्ही आकडे तिला वहीत लिहू द्या.