बोरघाट चढलो, मग पलीकडचा घाट उतरलोच कुठे?

तुम्ही विचारलंय की कर्जतहून गाडी बोरघाट चढते, लोणावळा येतं, पण पुण्यापर्यंत उतार असा लागतच नाही. सह्याद्री डोंगर असेल तर त्याची दुसरी बाजू कुठे गेली?

दुसरी बाजू नाहीच. लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण ६२० मीटरवर, पुणे ५६० मीटरवर. चढलो साडेपाचशे मीटर, उतरलो जेमतेम साठ. जिना चढून माडीवर यावं तसं. कोकणातून वर बघणाऱ्याला सह्याद्री डोंगर दिसतो. देशावरून चालत येणाऱ्याला जमीन एकदम संपलेली दिसते.

मी भूशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि पोटापाण्यासाठी बोअरच्या जागा दाखवतो, त्यामुळे या काळ्या कातळाशी माझं रोजचं भांडण. हा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आलेला लाव्हा. शंकूसारखा ज्वालामुखी डोळ्यांसमोर आणू नका. लाव्हा पसरायचा, थिजायचा, त्यावर पुढचा थर. आजही हे थर सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहेत. दोन थरांच्या मधे बरीच उसंतही असायची. मुंबईत वरळीला अशा दोन थरांमधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले. म्हणजे आज जिथे समुद्राची गाज ऐकू येते, तिथे तेव्हा गोड्या पाण्याचं तळं होतं.

लाव्हाचा जोर ओसरत असताना पश्चिमेला भूखंड फाटला. मादागास्कर त्याआधीच सुटला होता, आता सेशेल्सचा तुकडा निघाला. भर समुद्रातली बेटं सहसा ज्वालामुखीची नाहीतर पोवळ्याची असतात. सेशेल्सचं माहे बेट मात्र ग्रॅनाइटचं, म्हणजे खंडाच्या खडकाचं आहे. आपल्याच शेजारचा तो तुकडा आज मुंबईपासून ३००० किलोमीटरहून दूर आहे. मधे अरबी समुद्र रुंदावत गेला आणि फाटलेली कड हळूहळू खचली. पनवेलच्या आसपास लाव्हाचे थर समुद्राकडे वाकलेले दिसतात ते याचमुळे. पुढे ते पाण्याखाली जातात. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या समुद्रात तेलविहिरी खणणाऱ्या रिगने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हायचं तेल शोधलं. ते तेल नंतर उथळ समुद्रात साचलेल्या चुनखडीत आहे, आणि तिच्याखाली खोल गेलं की काही ठिकाणी हाच आपला काळा कातळ लागतो.

आता तुमचा घाट. नवी कड तयार झाली आणि समुद्राकडून धुवांधार पाऊस तिला झोडपू लागला. थर आडवे, त्यांना भेगा उभ्या. खालचा मऊ थर झिजला की वरचा कातळ आधार सुटून उभाच्या उभा कोसळतो. म्हणून कडा झिजतो, पण उतरता होत नाही, तसाच ताठ राहून पूर्वेकडे सरकतो. त्याने मागे सोडलेली जमीन म्हणजे कोकण. यात सरकणं किती आणि भूभाग तुटून खचणं किती, यावर भूशास्त्रज्ञांचा वाद आहे. मला सरकण्याचं पारडं जड वाटतं, कारण माथेरान. घाटापासून सुटून, कोकणात एकटं उभं, आणि अंगावर तेच आडवे थर. कडा मागे गेला, हे उरलं. प्रबळगडही त्यातलाच.

दुसरी साक्ष नद्यांची. त्र्यंबकेश्वरपासून अरबी समुद्र शंभर किलोमीटरही नाही, तरी गोदावरी त्याच्याकडे पाठ करून १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. पठाराचा उतारच पूर्वेकडे. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा आणि सावित्री एकाच ठिकाणी उगम पावतात असं मानतात. कृष्णा पार आंध्रात जाते, सावित्री मात्र कड्यावरून उडी घेऊन बाणकोटला समुद्र गाठते. वाट आखूड, उतार तीव्र, म्हणून सावित्रीसारख्या नद्या मागे मागे डोंगर कुरतडत येतात.

माझी आजी सांगायची, परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला. खरं तर अलीकडच्या काळात तो पुढेच आलाय. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, पाणी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होतं आणि किनारा पश्चिमेला खूप दूर. मुंबईत एकोणिसाव्या शतकात प्रिन्सेस डॉक खणताना चिखलात उभे असलेले खैराचे बुंधे निघाले होते, म्हणजे तिथे कधीकाळी कोरडी जमीन होती. आजीला हे कधी सांगायची हिंमत झाली नाही.

पुढच्या वेळी मुंबईहून निघालात तर उजव्या बाजूची खिडकी पकडा. नेरळला माथेरानच्या कड्यावरच्या आडव्या रेघा नीट बघून घ्या आणि कर्जत सोडल्यावर घाटाच्या भिंतीवर त्याच शोधा. पावसाळ्यात मात्र नको, ढगांत काही दिसत नाही.