मॅजिकमध्ये ॲबिलिटी वापरल्यानंतर क्रीचर मारले, तर ती रद्द होते का?

आपण विचारले आहे की, नागपूरच्या धरमपेठेत मित्रासोबत मॅजिक: द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ खेळताना आपण 'प्रॉडिगल सॉर्सरर' हे क्रीचर (मैदानात उतरून लढणारे कार्ड) टॅप करून, म्हणजे आडवे करून, त्याच्या क्रीचरवर 1 डॅमेज (इजा) टाकले, त्यावर त्याने लगेच 'लाइटनिंग बोल्ट' खेळून सॉर्सररच मारला आणि "मारणाराच उरला नाही, तर डॅमेज कुठून येणार?" असा दावा केला, तर यात बरोबर कोण?

बरोबर आपण आहात. टॅप करणे ही ॲबिलिटीची, म्हणजे कार्डावर लिहिलेल्या क्षमतेची, किंमत होती. ती चुकती होताच ॲबिलिटी स्टॅकवर गेली आणि तिथून पुढे सॉर्सरर जगतो की मरतो, याच्याशी तिचा संबंध उरला नाही.

स्टॅक म्हणजे लागू व्हायच्या राहिलेल्या चालींची रांग, कळमन्याच्या बाजारात लागते तशी संत्र्यांच्या पेट्यांची थप्पी: शेवटी ठेवलेली पेटी आधी उचलायची. म्हणून आधी बोल्ट लागू झाला, सॉर्सरर गेला आणि मग खालची ॲबिलिटी लागू झाली. दोघांनीही लागोपाठ पास म्हटल्याशिवाय वरची पेटी उचलली जात नाही, आणि एक उचलल्यावर नवी ठेवण्याची संधी दोघांनाही पुन्हा मिळते. आमच्या नागपुरातल्या रविवारच्या डावांत सर्वाधिक वाद होतात ते हे विसरल्यामुळेच.

क्रमाने किती फरक पडतो, ते पाहा. आपल्या 2/2 (2 डॅमेज करणाऱ्या आणि 2 डॅमेजने मरणाऱ्या) 'ग्रिझली बेअर्स'वर मित्राने बोल्ट टाकला आणि उत्तरादाखल आपण 'जायंट ग्रोथ' खेळलात, तर अस्वल आधी 5/5 होते आणि 3 डॅमेज पचवते. मात्र ग्रोथ आपण आधी खेळलात आणि बोल्ट उत्तर म्हणून आला, तर अस्वल आधीच मरते आणि टार्गेट न उरल्याने ग्रोथही वाया जाते.

आपल्या मित्राचा तर्क लढाईत मात्र खरा ठरतो. 2009 पर्यंत लढाईतले डॅमेजही स्टॅकवर जात असे. त्या वर्षीच्या नियमबदलानंतर ते जात नाही, म्हणून ब्लॉक (कोणते क्रीचर कोणाला अडवणार ते) ठरल्यावर पण डॅमेजच्या आधी मारलेले क्रीचर काहीच डॅमेज करत नाही.

सॉर्सररला रोखायचे असेल, तर मित्राने तो मैदानात आल्यापासून आपली पुढची पाळी सुरू होईपर्यंतच बोल्ट वापरावा, कारण तेवढ्या काळात समनिंग सिकनेसमुळे (नव्याने आलेल्या क्रीचरवरच्या तात्पुरत्या बंदीमुळे) आपल्याला तो उत्तरादाखल टॅप करता येत नाही.