वही आधी परत करा

आपण कळवता की, बारावीत ६८ टक्के मिळवलेला आपला मुलगा आतेभावाच्या जोडीने एका पोलीस निरीक्षकावर दहा रहस्यकादंबऱ्यांची मालिका लिहू पाहतो. आपण त्याला पुस्तक छापून आणण्यासाठी वर्षाची मुदत दिली आहे, आणि भाच्याने निम्मे श्रेय नेऊ नये म्हणून दोघांची वही कपाटात कुलूपबंद केली आहे. गुणांची मला चिंता नाही. सीईटी आणि पदवीप्रवेशाचे मार्ग आपल्याला ठाऊक आहेतच, आणि पदवी त्याने घ्यावीच. मला अस्वस्थ करते ते कुलूप. एक प्रकरण निळ्या शाईत, पुढचे हिरव्या शाईत आणि दोघांनी एकमेकांच्या लिखाणावर केलेली खाडाखोड, असे त्या वहीचे वर्णन आपणच केले आहे. आपले वाक्य दुसऱ्याला खोडू देणे या वयात सोपे नसते.

दोघे मिळून लिहिले की काम निम्मे आणि श्रेयही निम्मे, हा आपला समज चुकीचा आहे. स्वीडनच्या माय शोवाल आणि पेर वालो या पत्रकार जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्यावर दहा कादंबऱ्या लिहिल्या. दहाचा संकल्प आरंभापासूनचा होता. आधी सविस्तर आराखडा ठरवायचा आणि मग मुले झोपल्यावर रात्री आळीपाळीने एकेक प्रकरण लिहायचे, अशी त्यांची पद्धत होती. दोघांपैकी कोणा एकाची न वाटणारी शैली त्यांना घडवावी लागली. हे काम निम्मे नव्हे, वाढीव आहे.

वर्षाची मुदत तर अन्यायाचीच आहे. ब्रिटिश लेखक ली चाइल्ड यांची दूरचित्रवाणीतली नोकरी १९९५ मध्ये गेली आणि जॅक रीचर या त्यांच्या नायकावरची पहिली कादंबरी १९९७ मध्ये आली, तीही बरीच वर्षे त्या माध्यमात घालवलेल्या माणसाची. २०२० मध्ये त्यांनी धाकटा भाऊ अँड्र्यू याला सहलेखक म्हणून घेतले, तेव्हा त्याच्या स्वतःच्या कादंबऱ्या आधीच प्रसिद्ध झालेल्या होत्या. म्हणून मुलाने एकट्यानेही लिहावे, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. मात्र भावाला सोडून नव्हे.

श्रेयाची धास्ती असेल, तर दोघांना समोर बसवून एक कागद लिहून घ्या: मुखपृष्ठावर नावे कोणत्या क्रमाने येतील, मानधन कसे वाटले जाईल आणि उद्या एकाने लिहिणे सोडले तर तो निरीक्षक कोणाकडे राहील. त्या बैठकीपूर्वी वही त्यांच्या हाती द्या.