उत्तर: सीपी असलेलं लेकरू, जेवताना ठसका आणि न वाढणारं वजन

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, सीपी (सेरेब्रल पाल्सी, मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) आहे, मान अजून नीट धरत नाही. वाटीभर वरणभाताला तास जातो, मधेमधे ठसका लागतो, दर महिन्या-दीड महिन्याला छाती भरते. आणि अंगणवाडीत वजन झालं की सगळ्यांसमोर ऐकावं लागतं, "आई नीट खाऊ घालत नाही." माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. तुमचं हे शेवटचं वाक्य मी पुष्कळ ऐकलंय, म्हणून एवढं लांब लिहून राहिले.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही की थेरपिस्ट नाही. लेकराला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याचं ऐकू नका, माझंही नाही. सीपी म्हणजे काय, व्यायाम का करायचे, हे तुम्हाला ठाऊक आहे, ते सोडते.

तुम्ही सांगता त्यावरून तुमच्या मुलाला भूक नाही असं मला वाटत नाही. त्याला गिळता येत नसावं. घास गिळताना श्वासनळी क्षणभर झाकली जावी लागते. सीपीच्या बऱ्याच लेकरांत जीभ, ओठ, घसा यांचा मेळ वेळेवर बसत नाही आणि थोडं अन्न-पाणी फुफ्फुसात उतरतं. छाती पुन्हापुन्हा भरण्याचं हे मोठं कारण असतं. कधीकधी तर ठसकाही लागत नाही, गुपचूप उतरतं. जेवल्यावर आवाज ओला, घोगरा येतो का, श्वास घरघरतो का, जेवताना डोळ्यांत पाणी येतं का, संध्याकाळी बारीक ताप चढतो का, हे पाहा. रोजच्या जेवणाला अर्ध्या तासाहून जास्त लागणं हीच मुळात तपासणी करून घेण्यासारखी गोष्ट आहे.

आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते एक केंद्र. नाव लिहीत नाही. मुलगी कुपोषित म्हणून आम्हाला तिथे भरती केलं. वजन घेतलं, उंची घेतली, दंडाला पट्टी लावली. मग ठरलेलं पातळ दूध, ठरलेल्या मापाने, ठरलेल्या वेळी, रात्रीसुद्धा. ज्या लेकराला फक्त अन्न कमी पडलं त्याच्यासाठी ही पद्धत बरोबर आहे, आमच्या बाजूच्या खाटेवरची पोरं खरंच सुधारून घरी गेली. पण माझी मुलगी पाण्यासारखं पातळ काही गिळूच शकत नव्हती. मी सांगत होते की घट्ट असलं तर जातं, बसवून दिलं तर जातं. उत्तर यायचं, "तक्त्यात जे आहे तेच द्यायचं." अर्धवट झोपेत, आडवी असताना तिला दूध पाजलं गेलं. निमोनिया झाला, बालरोग विभागात हलवावं लागलं, आणि आली होती त्याहून कमी वजनाने ती घरी आली. सुट्टीच्या कागदावर एकच ओळ होती: "मातेस आहाराबाबत समुपदेशन केले." गिळण्याबद्दल एक अक्षर नाही.

त्यानंतर सुरू झालं इकडून तिकडे. पोषणवाले म्हणत, हे अपंगत्वाचं आहे, आमच्यात बसत नाही. थेरपीवाले म्हणत, आधी वजन वाढवून आणा. जी वर्षं चावणं-गिळणं शिकवण्याची होती ती या फेऱ्यांत गेली. तिचं वजन किती जणांनी केलं याची गणती नाही. ती जेवते कशी हे त्या सगळ्या काळात एकानेही पाहिलं नाही. याचा राग मला आजही आहे आणि तो योग्य आहे असं मला वाटतं.

म्हणून माझं सगळ्यात पहिलं सांगणं: दवाखान्यात जाताना डबा न्या. त्याचा रोजचा चमचा, थोडं घट्ट जेवण, थोडं पातळ, सोबत पाणी. डॉक्टरांना म्हणा, "दोन मिनिटं तो जेवताना पाहा." ओपीडीत गर्दी असते, नाही म्हणतील, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. बाजूने काढा, चेहरा, मान, छाती दिसेल असा. एक जेवणाच्या सुरुवातीचा आणि एक शेवटचा, कारण लेकरू थकलं की गिळणं बिघडतं. आणि कागदावर "गिळण्याची तपासणी" असं लिहून मागा. गिळण्याचं काम स्पीच थेरपिस्ट पाहतात. आमच्याकडे "बोलायचं नंतर पाहू" म्हणून लोक तिकडे जातच नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे लेकरांच्या तपासणीची सरकारी योजना, 2013 पासून आहे. त्याची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायला हवी आणि तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे (अशा लेकरांची तपासणी आणि थेरपी जिथे होते) चिठ्ठी मिळते. तिथे कोणी नसेल तर यवतमाळ, अकोला, नागपूरची मेडिकल कॉलेजं आहेत, सेवाग्राम आहे. जाण्याआधी फोन करून स्पीच थेरपिस्ट कोणत्या वारी बसतात ते विचारा.

तोवर घरी. बोंडलं, म्हणजे चोचीची पाजायची वाटी, बंद करा. मांडीवर आडवं घेऊन, मान मागे टाकून, नाक दाबून पाजणं तर अजिबात नको. घरातल्या मोठ्या बायांना राग येईल, येऊ द्या. मान मागे गेली की श्वासनळीचा रस्ता उघडा राहतो. त्याला सरळ बसवा, कंबर आणि गुडघे काटकोनात, पायाखाली टेकू, हनुवटी किंचित छातीकडे. आम्ही गावच्या सुताराकडून कोपऱ्यासारख्या पाठीची खुर्ची करून घेतली, पायाखाली वीट ठेवली. खुर्ची होईपर्यंत दोन भिंतींचा कोपरा आणि घडी केलेल्या गोधड्या चालतात. तुम्ही त्याच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. उभं राहून भरवलं की तो वर पाहतो आणि मान मागे जाते. चमचा उथळ घ्या, जिभेच्या मधोमध हलका दाब द्या, ओठ मिटायची वाट पाहा, मग सरळ बाहेर काढा. वरच्या दातांना घासून घास सोडायचा नाही. चमचा चावून धरला तर ओढू नका, जबडा सैल होईपर्यंत थांबा. जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं करू नका.

आता वरणभात. पातळ वरणात कालवलेला मोकळा भात या लेकरांसाठी अवघड असतो. वरण आधी घशात उतरतं, शितं तोंडातच राहतात. दुधातले पोहे, रसातल्या फोडी यांचंही तेच. सगळं एकसारखं लागलं पाहिजे. मुगाची डाळ आणि तांदूळ किंवा ज्वारीच्या कण्या घट्ट शिजवून रवीने घोटा. चमचा तिरपा केला की गोळा एकदम घसरावा, ओघळू नये आणि चिकटूनही राहू नये. त्यात वरून तेल किंवा तूप. एक छोटा चमचा म्हणजे 5 मिली तेलात साधारण 45 कॅलरी असतात, आणि याच्या पोटात मावतंच थोडं, म्हणून प्रत्येक घास ताकदीचा हवा. पातळ पेजेने पोट भरतं, अंगाला लागत नाही. उकडलेलं अंडं दह्यात घोटून, पिकलं केळं कुस्करून, शेंगदाण्याचं कूट अगदी लोण्यासारखं वाटून. जाडसर कूट देऊ नका, कण घशात अडकतात. पाणीसुद्धा किती घट्ट करायचं ते थेरपिस्टकडून ठरवून घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, ठसक्याच्या भीतीने पाणी कमी केलं तर लेकरू सुकतं, लघवी पिवळी होते.

प्रोटीन पावडरच्या डब्याबद्दल विचारलंत. डॉक्टरांनी कारण सांगून लिहिला असेल तर द्या. दुकानदाराने किंवा नातेवाइकाने सांगितला असेल तर त्या पैशाची अंडी घ्या, हे माझं ठाम मत.

वजनाच्या तक्त्याने फार खचू नका. पाय ताठ किंवा वाकलेले असले की उंची नीट मोजता येत नाही आणि उंचीवरचा हिशेब चुकतो. दंडाचा घेर 11.5 सेंटीमीटरच्या खाली असेल तर मात्र ते गंभीर धरा, "सीपीची पोरं बारीकच असतात" म्हणून सोडू नका.

थोडं इतर. संडास होत नसेल तर भूक मरते, ते आधी सांगा. झटक्यांच्या औषधाने गुंगी येत असेल तर गुंगीत भरवू नका, वेळ बदलता येईल का विचारा. फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन अशी औषधं बरीच वर्षं चालली की ड जीवनसत्त्व कमी पडतं, हाडं कच्ची होतात, तेही विचारा. दात रोज पुसा, तोंडातली घाण लाळेबरोबर छातीत जाते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर काढा. निरामय या अपंगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात सीपी बसतं, वर्षाला 1 लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि थेरपीचा काही खर्चही त्यात मिळतो. बिलं जपून ठेवा.

शेवटचं, नळीचं. तपासणीनंतर डॉक्टरांनी पोटात नळी बसवायचं सुचवलं तर लगेच नाही म्हणू नका. आमच्या घरात या शब्दावरून रडारड झाली होती. नळी लागली म्हणजे तोंडाचं सगळं संपलं असं नसतं. किती लेकरांना डॉक्टर चवीपुरतं तोंडाने द्यायला सांगतात, आणि पोट नळीने भरत असल्यामुळे तो घास घाई न करता देता येतो. माझ्या मुलीला नळी लागली नाही, पण लागली असती तर मी आता घाबरले नसते.

व्हिडिओ काढलात की इथे सगळ्यांसमोर टाकू नका, लेकराचा चेहरा आहे. डॉक्टरांना दाखवा, आणि ते काय म्हणाले ते इथे लिहा.